चालकाचा मालक होताना : जुनी मालमोटार घेण्यापूर्वीचा विचार

लासलगावचा कांदा, तासगावचा बेदाणा, चंद्रपूर जिल्ह्यातील कोळसा व सिमेंट आणि न्हावा शेवा बंदरात उतरलेला परदेशी माल यांची ने-आण करणाऱ्या मालमोटारी रात्रंदिवस राज्यातील महामार्गांवरून धावत असतात. या गाड्यांपैकी फार मोठा हिस्सा बड्या कंपन्यांच्या मालकीचा नाही. एक-दोन किंवा फार तर चार-पाच गाड्या बाळगणारे लहान मालकच देशाच्या मालवाहतुकीचा बराचसा भार वाहत आले आहेत. यांतील अनेकांनी आपल्या आयुष्याची उमेदीची वर्षे दुसऱ्याच्या गाडीवर चालक म्हणून काढलेली असतात. पोटाला चिमटा घेऊन साठवलेली बचत, पत्नीचे दागिने आणि कित्येकदा वडिलार्जित जमिनीचा एखादा तुकडा मोडून त्यांनी पहिली गाडी घेतलेली असते. नवी गाडी आवाक्याबाहेरची असल्याने ही पहिली गाडी बहुधा जुनीच असते.

असा सौदा करण्यापूर्वी चालक गावातील जाणत्या माणसाकडे येतो. कर्जाचा कागद शिक्षकाकडून वाचून घेतला जातो, जामीन म्हणून पंचायतीच्या एखाद्या सदस्याला गळ घातली जाते, सातबाऱ्यावर बोजा चढवण्याची वेळ आली म्हणजे तलाठ्याच्या दारी जावे लागते. अशा वेळी योग्य सल्ला मिळाला, तर एक कुटुंब स्वतःच्या पायांवर उभे राहते. तो न मिळाल्यास गाडीही जाते आणि जमीनही जाते. म्हणून या व्यवहारातील मर्माच्या गोष्टी गावपातळीवर काम करणाऱ्यांना माहीत असणे अगत्याचे आहे.

दोन निरनिराळे व्यवसाय

गाडी चालवणे आणि गाडीची मालकी सांभाळणे हे दोन निरनिराळे व्यवसाय आहेत. पंधरा वर्षे कसारा घाट आणि खंबाटकी चढ-उतरलेल्या चालकाला इंजिनाच्या आवाजावरून दोष कळतो. रस्ता कळतो, माल कळतो. मात्र गाडीच्या कागदांशी, कर्जाच्या व्याजाशी आणि महिन्याच्या जमाखर्चाशी त्याचा सहसा संबंध आलेला नसतो. ते काम आजवर त्याच्या मालकाने केलेले असते. नवा मालक-चालक अडचणीत येतो तो बहुधा इंजिनामुळे नव्हे. जी बाजू त्याने कधी हाताळलेली नाही, तिथे त्याची फसगत होते. तेव्हा प्रथम कागदांचाच विचार करणे इष्ट ठरेल.

मालकी कोणाची?

मोटार वाहन कायदा, १९८८ हा १ जुलै १९८९ पासून अमलात आहे. या कायद्यानुसार ज्याच्या नावे वाहनाची नोंदणी असेल, तो त्या वाहनाचा मालक समजला जातो. पैसे कोणी दिले, गाडी कोणाच्या दारात उभी आहे, मुद्रांक कागदावर काय लिहिले आहे, यावर ही मालकी ठरत नाही. खरेदी-विक्री झाल्यावर विकणाऱ्याने राज्यातील राज्यात १४ दिवसांच्या आत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांच्या आत प्रादेशिक परिवहन कार्यालयास कळवावयाचे असते. त्यासाठी नमुना २९ आणि नमुना ३० हे अर्ज विहित केलेले आहेत. गाडीवर कर्ज असेल, तर ते फेडून वित्तसंस्थेच्या सहीचा नमुना ३५ सादर करून तारणाची नोंद काढून घ्यावी लागते. गाडी दुसऱ्या नोंदणी कार्यालयाच्या हद्दीतून आणली असेल, तर तेथील ना हरकत प्रमाणपत्र नमुना २८ प्रमाणे मिळवावे लागते.

हा मार्ग सरळ असला तरी वेळखाऊ आहे, म्हणून बाजारात एक आडवाट रूढ झाली आहे. विकणाऱ्याचे कर्ज अजून फिटलेले नसते. दोघे मिळून मुद्रांक कागदावर करार करतात, नोटरीची सही घेतात. घेणारा काही रक्कम रोख देतो आणि ‘पुढचे हप्ते तू भर, कर्ज फिटले की नाव करून देतो’ असे ठरते. घेणाऱ्याला नवे कर्ज काढावे लागत नाही, म्हणून हा सौदा त्याला स्वस्त वाटतो. वस्तुतः यासारखा धोक्याचा दुसरा सौदा नाही. वित्तसंस्थेची या कराराला संमती नसते. विकणाऱ्याने आधीचे हप्ते थकवलेले असतील, तर ती संस्था गाडी ताब्यात घेऊ शकते. घेणाऱ्याने भरलेले हप्ते विकणाऱ्याच्या खात्यात जमा होतात. तीन वर्षे हप्ते भरूनही गाडी परक्याच्याच नावावर राहते आणि मधल्या काळात तो विकणारा मरण पावला, गाव सोडून गेला किंवा त्याची नियत फिरली, तर न्यायालयाची पायरी चढण्यावाचून दुसरा उपाय उरत नाही.

नाव न बदलण्याचा तोटा विकणाऱ्यालाही आहे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या प्रकरणात असा निर्णय दिला की, गाडी एकामागून एक अनेकांना विकली गेली असली, तरी अपघाताच्या वेळी नोंदणी ज्याच्या नावे असेल, त्यालाच कायद्याच्या दृष्टीने मालक मानून नुकसानभरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. हा निर्णय विकणाऱ्यास समजावून सांगितला, तर नाव बदलून देण्याची निकड त्यालाही पटते.

विमा आणि कुटुंबाचे संरक्षण

नाव न बदलण्याचा सर्वांत मोठा फटका बसतो तो चालकाच्या कुटुंबाला. त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचा विमा गाडीच्या हस्तांतरासोबत नव्या मालकाकडे आला असे कायदा मानतो. मात्र खुद्द गाडीच्या नुकसानीच्या विम्यास ही सवलत नाही. त्यासाठी विमापत्रावर नव्या मालकाचे नाव चढले पाहिजे. हस्तांतर झाल्यापासून १४ दिवसांच्या आत विमा कंपनीकडे तसा अर्ज करावा लागतो. तो न करता गाडी उलटली किंवा जळाली, तर भरपाईचा दावा नाकारला जाण्याची शक्यता असते आणि कर्जाचे हप्ते मात्र चालूच राहतात.

स्वतः गाडी चालवणाऱ्या मालकासाठी १५ लाख रुपयांच्या वैयक्तिक अपघात विम्याचीही तरतूद आहे. हे संरक्षण ज्याच्या नावे गाडीची नोंदणी व विमापत्र आहे आणि ज्याच्यापाशी वैध अनुज्ञप्ती आहे, अशा मालक-चालकासाठी असते. नोटरीच्या कागदावर गाडी घेतलेला चालक रस्त्यावर मरण पावला, तर कायद्याने तो मालकच नसतो. त्याच्या विधवेला हे १५ लाख रुपये मिळण्याचा मार्ग तेथेच खुंटतो. सौद्याच्या वेळी वाचवलेले दोन-चार हजार रुपये आणि आठ-दहा दिवसांची धावपळ यांच्या तुलनेत ही हानी किती मोठी आहे, हे वेगळे सांगावयास नको. सोबतचा क्लीनरही विमापत्रात समाविष्ट करून घेणे आवश्यक आहे. कारण कामावर असताना त्याला अपघात झाल्यास कायद्याप्रमाणे मालकावर जबाबदारी येते.

सौद्यापूर्वी केंद्र शासनाच्या ‘वाहन’ प्रणालीवर गाडीचा क्रमांक घालून नोंदणी, योग्यता, विमा व कर यांच्या मुदती पाहता येतात. ई-चलानाचा थकलेला दंडही समजतो. गावातील सेवा केंद्रातून हे काम थोड्या वेळात होते. दंड किंवा कर थकलेला असेल, तर हस्तांतराचे काम अडते. म्हणून ती रक्कम सौद्यातून वळती करून घ्यावी. गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेला चासी क्रमांक आणि इंजिनावरील क्रमांक नोंदणी पुस्तकाशी अक्षरन् अक्षर ताडून पाहावेत. चासी क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिलीने त्याचा ठसा घ्यावा. पत्रा घासलेला अथवा जोडलेला आढळला, तर तो सौदा तेथेच सोडून द्यावा. फास्टॅगचे खाते जुन्या मालकाचे असते. ते बंद करवून स्वतःच्या नावे नवे घ्यावे. शेवटची मोठी रक्कम नाव बदलल्यावरच द्यावयाची, हा नियम कोणी कितीही ओळखीचा असला तरी मोडू नये.

गाडीचे वय आणि कागदावरील वजन

मालमोटारीचे आयुष्य केवळ इंजिनावर अवलंबून नसते. कायद्यानेही तिला मर्यादा घातल्या आहेत. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे दोन ॲक्सलच्या, म्हणजे सहाचाकी मालमोटारीला १२ वर्षांपर्यंत आणि दोनपेक्षा अधिक ॲक्सलच्या मालमोटारीला १५ वर्षांपर्यंतच राष्ट्रीय परवाना मिळतो. आठ वर्षांची सहाचाकी गाडी घेणाऱ्यापाशी परराज्यात धंदा करण्यासाठी चारच वर्षे उरतात. तेवढ्याच वयाच्या दहाचाकी गाडीला सात वर्षे मिळतात. कर्जाची मुदत ठरवताना हा हिशेब प्रथम मांडावा. बोलीभाषेत ज्याला ‘पासिंग’ म्हणतात, ते योग्यता प्रमाणपत्र आठ वर्षांपर्यंतच्या मालवाहू वाहनास दोन वर्षांसाठी आणि त्यानंतर दर वेळी एकाच वर्षासाठी मिळते. वय वाढते तसे शुल्कही वाढत जाते. आठ वर्षांपुढील मालवाहू वाहनांना राज्यात पर्यावरण करही लागू करण्यात आला आहे.

प्रदूषणाच्या निकषांकडेही लक्ष हवे. भारत स्टेज ४ हा निकष देशभर १ एप्रिल २०१७ पासून आणि भारत स्टेज ६ हा निकष १ एप्रिल २०२० पासून लागू झाला. त्यामुळे २०१७ साली नोंदलेली गाडी स्टेज ३ ची आहे की ४ ची, हे नोंदणी पुस्तकात पाहूनच ठरवावे. दिल्ली परिसरासारख्या ठिकाणी जुन्या डिझेल वाहनांवर निर्बंध येत असतात. ज्याला उत्तर भारताची भाडी करावयाची आहेत, त्याने हा मुद्दा गौण मानू नये.

वजनाची गोष्ट तर अधिक महत्त्वाची आहे. जुलै २०१८ मध्ये केंद्र शासनाने मालमोटारींच्या वजनाची मर्यादा वाढवली. दोन ॲक्सलच्या गाडीचे मालासह एकूण वजन १६.२ टनांवरून १८.५ टन आणि तीन ॲक्सलच्या गाडीचे २५ टनांवरून २८.५ टन झाले. परंतु त्यापूर्वीच्या गाडीच्या नोंदणी पुस्तकात जुनाच आकडा असू शकतो आणि तपासनाक्यावर तोच आकडा ग्राह्य धरला जातो. दहाचाकी गाडीच्या पुस्तकात एकूण वजन २५ टन आणि रिकामे वजन ९ टन लिहिलेले असेल, तर तिला १६ टनच माल नेता येईल. दलाल मात्र नव्या गाड्यांच्या हिशेबाने १९-२० टनांचा माल पुढे करतो आणि भाडेही टनावर ठरते. मोह आवरत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनाला आणखी २,००० रुपये असा दंड आहे. चार टन जादा भरले, तर २८,००० रुपये दंड होतो, जादा माल उतरवावा लागतो तो वेगळाच. शिवाय घाटात ब्रेकवर ताण येतो आणि जीव धोक्यात पडतो. तेव्हा कागदावरील वजनात धंदा परवडतो की नाही, हे पाहूनच गाडी निवडावी.

यंत्राची तपासणी

यंत्राच्या बाबतीत चालक जाणता असतो. तथापि स्वतः घेणारा असला म्हणजे मन गाडीवर बसलेले असते आणि डोळ्यांना दोष दिसत नाहीत. म्हणून ज्याचा या सौद्यात काही लाभ नाही, अशा मिस्त्रीस मजुरी देऊन सोबत न्यावे. गाडी भल्या सकाळी, इंजिन थंड असताना पाहावी. आधीच तापवून ठेवलेले इंजिन लगेच सुरू होते आणि त्याचा आजार लपतो. इंजिन चालू असताना तेल भरण्याचे झाकण काढल्यावर जोराने धूर येत असेल, तर पिस्टन व लायनर झिजले आहेत असे समजावे. निळसर धूर तेल जळत असल्याचे दर्शवतो. गरम इंजिनातूनही पांढरा धूर येत राहिला, तर पाणी आत शिरत असल्याची शंका घ्यावी. तेलाचा रंग ताकासारखा झाला असेल, तर त्यात पाणी मिसळले आहे. असे इंजिन पुन्हा बांधण्याचा खर्च लाख-दोन लाखांच्या घरात जातो.

त्यानंतर गाडीखाली शिरून चासीची पाहणी करावी. तडा, वेल्डिंगचा जोड किंवा ताजा रंग दिसला, तर ही गाडी जादा वजनाने अथवा अपघाताने दुखावलेली आहे. कमानपाटे, क्राउन, क्लच, हवेच्या ब्रेकची गळती यांची परीक्षा रिकाम्या गाडीवर होत नाही. विकणाऱ्याची तयारी असेल, तर माल भरलेल्या स्थितीत घाट चढवून पाहावा. टायरच्या बाजूवर शेवटी चार आकडे छापलेले असतात. ‘२३१९’ याचा अर्थ २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात तो तयार झाला. नक्षी चांगली दिसली, तरी टायर जुना असेल किंवा त्यावर नवे रबर चढवलेले असेल, तर त्या दहा टायरांचा खर्च लवकरच उभा राहणार हे निश्चित. नव्या धाटणीच्या गाड्यांत धूर शुद्ध करण्यासाठी यूरियाच्या द्रावणाची यंत्रणा असते. खर्च टाळण्यासाठी ती बंद करून ठेवलेली नाही ना, याची खात्री करावी. किलोमीटरच्या आकड्यावर फारसा विश्वास ठेवू नये; दुरुस्तीच्या पावत्या मागाव्यात.

व्याजाचा दर : दहा की अठरा?

जुन्या गाडीसाठी कर्ज देताना व्याजाचा दर दोन प्रकारे सांगितला जातो आणि तेथेच गफलत होते. समजा, १० लाख रुपयांचे कर्ज ३६ महिन्यांसाठी घेतले. एक संस्था म्हणते, ‘व्याज १५ टक्के, शिल्लक रकमेवर.’ दुसरी म्हणते, ‘व्याज अवघे १० टक्के, सरळ.’ ऐकणाऱ्यास दुसरी स्वस्त वाटते. पहिल्या संस्थेचा मासिक हप्ता सुमारे ३४,६६५ रुपये येतो. दुसरी संस्था मूळ १० लाखांवर तिन्ही वर्षांचे ३ लाख व्याज लावते आणि १३ लाखांचे ३६ भाग पाडते. तिचा हप्ता ३६,१११ रुपये होतो. दर महिन्याला मुद्दल फिटत असताना व्याज मात्र संपूर्ण रकमेवरच आकारले जाते, म्हणून या ‘दहा टक्क्यां’चा शिल्लक रकमेवरील खरा दर सुमारे १८ टक्के पडतो.

हे ओळखण्याचा सोपा उपाय म्हणजे टक्केवारी न विचारता हप्ता आणि हप्त्यांची संख्या विचारून गुणाकार करणे. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांप्रमाणे १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका व वित्तसंस्थांनी किरकोळ आणि लघुउद्योग कर्जदारांना मुख्य तथ्यांचे विवरणपत्र द्यावयाचे आहे. त्यात सर्व आकार धरून वार्षिक दर किती पडतो, हे लिहिलेले असते. सही करण्यापूर्वी ते विवरणपत्र मागून घ्यावे आणि शिक्षकांनी ते कर्जदारास मोठ्याने वाचून दाखवावे.

महिन्याचा हिशेब

आता गाडी घरी आली असे धरून चालू. २०१७ साली नोंदलेली दहाचाकी, किंमत १४ लाख, स्वतःचे ४ लाख आणि वरीलप्रमाणे १५ टक्क्यांचे कर्ज १० लाख. पुढील आकडे केवळ मांडणी समजावी म्हणून धरले आहेत. प्रत्येकाने त्या जागी आपापले आकडे घालावेत.

महिन्याला ६,००० किलोमीटर धाव आणि लिटरला ४ किलोमीटर सरासरी धरली, तर १,५०० लिटर डिझेल लागेल. ९० रुपये दराने त्याचे १,३५,००० रुपये होतात. पथकर २५,०००, क्लीनर १२,०००, टायरांची झीज १५,०००, दुरुस्ती व तेलपाणी १५,०००, भरणी-उतरणी, वजनकाटा व किरकोळ खर्च ८,०००, विम्याचा मासिक वाटा ६,०००, कर, योग्यता व परवाना यांचा वाटा ४,००० आणि कर्जाचा हप्ता ३४,६६५. यात आणखी एक रक्कम नवा मालक हटकून विसरतो, ती म्हणजे त्याचा स्वतःचा पगार. दुसऱ्याच्या गाडीवर त्याला जे मिळत होते, ते खर्चात धरलेच पाहिजे. नाही तर तो फुकट राबत आहे हे त्याला कळतही नाही. ते २५,००० धरल्यास एकूण खर्च २,७९,६६५ रुपये होतो.

सहा हजार किलोमीटरवर हा खर्च विभागला, तर किलोमीटरला ४६ रुपये ६१ पैसे पडतात. दलालाने ५० रुपये भाडे सांगितले की फायदा आहे असे वाटते. परंतु गाडी दर वेळी भरलेलीच धावत नाही. परतीचा माल मिळाला नाही, तर ती रिकामी येते आणि रिकाम्या फेरीलाही डिझेल व पथकर लागतोच. सहा हजारांपैकी ४,२०० किलोमीटरच भरलेली धाव झाली, तर तोच खर्च भरलेल्या किलोमीटरला ६६ रुपये ५९ पैसे पडतो. ५० रुपयांचे भाडे मग तोट्याचे ठरते. म्हणून गाडी शोधण्याआधी माल शोधावा. कोणत्या मार्गावर, कोणत्या हंगामात, जाताना आणि येताना काय मिळेल, हे कळंबोली, निगडी किंवा नागपूरजवळील वाडी येथील वाहतूकदारांकडे चार दिवस बसून समजून घ्यावे.

चाक फिरो वा न फिरो, हप्ता, विमा आणि कर मिळून ४४,६६५ रुपये दर महिन्याला उभेच राहतात. पावसाळ्यात माल कमी होतो, गाडी दुरुस्तीत अडकते, भाड्याची राहिलेली रक्कम पोच पावती देऊनही महिनाभर मिळत नाही. तीन महिन्यांचा हा बांधील खर्चच १,३३,९९५ रुपये होतो. तेवढी रक्कम आणि इंजिनाच्या एका मोठ्या कामाची तरतूद हाताशी ठेवूनच गाडी घ्यावी. सारी पुंजी पहिल्या भरण्यात ओतणारा मालक पहिल्याच बिघाडाला सावकाराच्या दारी जातो. जवळचे पैसे कमी पडत असतील, तर राखीव रक्कम न मोडता गाडीच कमी किमतीची पाहावी किंवा सौदा एक वर्ष पुढे ढकलावा.

प्राप्तिकराचाही विसर पडता कामा नये. दहापेक्षा अधिक मालवाहू वाहने नसणाऱ्या मालकांना अनुमानित उत्पन्नाची सोय आहे. १२ टनांहून अधिक एकूण वजनाच्या गाडीसाठी दर टनास दरमहा १,००० रुपये उत्पन्न धरले जाते; २५ टनांच्या गाडीस ते महिन्याला २५,००० रुपये होते. हिशेबाच्या वह्यांचा व्याप त्यामुळे वाचतो. मात्र गाडी मालकीची असेल त्या प्रत्येक महिन्याचे उत्पन्न धरले जाते, मग ती धावली असो वा उभी असो. वह्या सक्तीच्या नसल्या, तरी प्रत्येक फेरीचा जमाखर्च एका वहीत लिहिणे मालकाच्याच हिताचे आहे. त्या वहीवरूनच कोणते भाडे घ्यावे आणि कोणते सोडावे हे त्याला कळेल.

गावाने काय करावे?

वरील विवेचनातून गावातील जाणत्या मंडळींचे काम स्पष्ट होते. कोणी जामीनकीसाठी आला, तर सही करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. गाडी नावावर कधी होणार? हप्ते एकूण किती आणि त्यांची बेरीज किती? गाडी तीन महिने उभी राहिली, तर हप्ता कोठून देणार? तिन्हींची समाधानकारक उत्तरे मिळेपर्यंत सौद्याचा विसार देऊ नये, असे त्यास सांगावे. नोटरीच्या कागदावर साक्षीदार म्हणून सही करण्यास पंचायत सदस्यांनी नकार द्यावा आणि परिवहन कार्यालयाचा रस्ता दाखवावा. जमीन तारण द्यावयाची असेल, तर घरातील स्त्रियांना सर्व आकडे समजावून सांगितले गेले आहेत काय, हेही पाहावे; कारण गाडी बुडाली, तर त्याची झळ त्यांनाही लागणार असते. विमापत्रावर वारसाचे नाव आहे ना, एवढे एक वाक्य आठवणीने विचारले, तरी पुढचा मोठा अनर्थ टळू शकतो.

जुनी मालमोटार घेऊन स्वतंत्र होण्याची चालकाची इच्छा रास्त आहे आणि ती पुरी करणारे कष्टाळू मालक राज्यात गावोगावी आहेत. ज्यांची गाडी टिकली, त्यांनी आधी माल पाहिला, मग कागद पाहिले, मग यंत्र पाहिले आणि काही पैसा गाठीशी राखून ठेवला. चालक हा क्रम बहुधा उलटा धरतो. तो सरळ करून देणे हे त्याच्या गावकऱ्यांच्या हाती आहे.